घातांकाचा पाठ कसा योजावा

नवव्या इयत्तेंतील एखाद्या हुशार मुलास घातांकांचे नियम विचारावेत. पाया एकच असतां गुणाकारांत घातांकांची बेरीज करावी, भागाकारांत वजाबाकी करावी, घाताचाहि घात असेल तर घातांकांचा गुणाकार करावा, हें तो एका दमांत म्हणून दाखवील. आणि घातांक शून्य असेल तर उत्तर एक येतें, हेंहि सांगावयास तो चुकणार नाहीं. मग त्यास हळूच विचारावें, "एक कां? शून्य कां नव्हे?" तोंपर्यंत धडधडत आलेली गाडी येथें एकाएकीं थांबते. "तसा नियमच आहे," एवढेंच उत्तर मिळतें. फार झालें तर "वहींत तसें लिहिलें आहे," अशी पुस्ती जोडली जाते. आणि गंमत ही कीं, परीक्षेंत या भागाचे त्याचे सर्व गुण शाबूत असतात.

हा मुलगा पुढें मोठा होतो, मिळवूं लागतो, संसार थाटतो. कधीं तरी अडचण येते आणि तो दरमहा दर शेंकडा तीन रुपये व्याजानें दहा हजार रुपये घेतो. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेस याच्या आसपासचा दर आजहि लागतो. तो मनाशीं हिशेब करतो: बारा त्रिक छत्तीस, म्हणजे वर्षाअखेर तेरा हजार सहाशें. व्याज दरमहा मुदलांत मिळत गेलें आणि मध्यें कांहीं फेडलें नाहीं, तर प्रत्यक्षांत १४,२५८ रुपये होतात. हा फरक कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखा नाहीं. परंतु असेंच पांच वर्षें चाललें, तर त्याचा हिशेब २८,००० रुपयांवर थांबतो आणि धनकोचा ५८,९१६ रुपयांवर जातो. २०२० सालीं करोनाची साथ आली तेव्हां 'रुग्णसंख्या दुप्पट होण्याचा काळ' हे शब्द घरोघर पोंचले. आज शंभर रुग्ण असून दर पांच दिवसांनीं संख्या दुप्पट होत असेल, तर महिन्याअखेर किती? बेरजेच्या चालीनें चालणारें मन सातशें म्हणतें. खरें उत्तर सहा हजार चारशें आहे.

अशा वाढीचा अंदाज करतांना माणसें उत्तर फारच कमी धरतात, हें वागेनार आणि सागारिया या दोघा संशोधकांनीं १९७५ सालीं प्रयोगानें दाखविलें. त्यांच्या प्रयोगांतील अधिक बोचणारी गोष्ट निराळीच होती. वाढीचें स्वरूप आधीं मुद्दाम समजावून दिलें, तरीहि अंदाज सुधारला नाहीं. म्हणजे कोणी सांगितलें नाहीं म्हणून हें अज्ञान राहिलें, असें म्हणण्यास जागा उरत नाहीं. सांगून भागत नाहीं, हीच खरी अडचण आहे.

सांगून भागत नसेल तर काय करावें, याचा विचार ज्या मंडळींनीं नेटानें केला, त्यांच्या मतास मराठींत ज्ञानरचनावाद असें नांव मिळालें आहे. स्वित्झर्लंडमधील झां पियाजे (१८९६–१९८०) यांनीं मुलांच्या विचारांचें निरीक्षण करण्यांत आयुष्य घालविलें. रुंद पेल्यांतलें पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच व अरुंद पेल्यांत ओतलें, तर चार-पांच वर्षांचें मूल "पाणी वाढलें" असें म्हणतें. तें मूल चुकतें खरें. पण त्याची चूक वेडीवांकडी नसते. पाणी उंचीवरून मोजावयाचें, असा एक नियम त्यानें स्वतःच बांधलेला असतो आणि त्या नियमास तें प्रामाणिकपणें चिकटून राहतें. तो नियम अपुरा आहे हें दुसऱ्यानें सांगून त्यास पटत नाहीं. ज्या दिवशीं त्याच्याच दोन समजुती एकमेकींस भिडतात, त्या दिवशीं पटतें. पुढें एर्न्स्ट फॉन ग्लासर्सफेल्ट (१९१७–२०१०) यांनीं या विचारास तत्त्वज्ञानाची बैठक दिली. ज्ञान हें एकाकडून दुसऱ्याकडे पोंचतें करण्याजोगें सामान नव्हे, ज्याचें त्यानेंच तें उभारावें लागतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

भारतांत २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें या विचाराचा पुरस्कार केला आणि नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील प्राथमिक शाळांतून ज्ञानरचनावाद हा शब्द चांगलाच रुळला. खडे, काड्या, मणी, फरशीवर आंखलेल्या आकृत्या यांनीं पहिली-दुसरीचे वर्ग गजबजले. परंतु खड्यांनीं बेरीज शिकलेलें मूल माध्यमिक शाळेंत आलें कीं, पुन्हां फळा, सूत्र आणि स्वाध्याय. बीजगणित शोधावयास लावतां येत नाहीं, तें सांगावेंच लागतें, असा एक समज त्यामागें असतो. दुसरा समज याहून घातक आहे. मुलांनीं स्वतः शिकावयाचें म्हटल्यावर शिक्षकाचें काम हलकें झालें, पाठाची तयारी ती काय करावयाची, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट आहे. सूत्र सांगणाऱ्या शिक्षकास सूत्र येत असलें म्हणजे पुरतें. सूत्र न सांगणाऱ्या शिक्षकास सूत्र तर यावेंच लागतें, शिवाय तें न येणारा मुलगा कोणत्या वाटेनें चालेल, कोठें अडखळेल आणि अडखळल्यावर काय म्हणेल, हेंहि आधीं योजावें लागतें.

या योजनेस अमेरिकेंतील गणितशिक्षणाचे अभ्यासक मार्टिन सायमन यांनीं १९९५ सालच्या एका लेखांत नेटकें रूप दिलें. पाठाचें उद्दिष्ट, मुलांना द्यावयाचें काम आणि त्या कामांतून मुलांचा विचार कसकसा पुढें जाईल याचा शिक्षकानें बांधलेला अंदाज, हे त्यांच्या आराखड्याचे तीन भाग होत. यांपैकीं पहिले दोन भाग कोणत्याहि पाठ-टांचणांत सांपडतात. तिसरा भाग बहुधा कोराच राहतो. आणि पाठ फसतो तो बहुधा तेथेंच. सायमन यांनीं आणखी एक गोष्ट बजावली आहे. हा अंदाज म्हणजे नुसता अंदाज होय. वर्गांत मुलें जें बोलतील त्याप्रमाणें तो रोज दुरुस्त करावा लागतो, आणि दुसऱ्या दिवसाचा पाठ पहिल्या दिवसाच्या पाठानंतरच पुरता ठरतो.

आतां घातांकाच्या पाठासच हात घालावा. कल्पनेनें एक शिक्षिका डोळ्यांपुढें आणावी. वर्ग नववीचा, मुलें पन्नास-साठ. बाई घरीं टेबलाशीं बसून उद्यांच्या तासाची योजना करीत आहेत. पहिला प्रश्न अगदीं क्षुल्लक दिसतो: उदाहरणासाठीं संख्या कोणती घ्यावी? हात आपोआप दोनाकडे जातो. दुप्पट होणें सर्वांस ठाऊक आहे, आंकडे लहान राहतात, हिशेब सोपा होतो. पण आरंभासाठीं दोनाइतकी फसवी संख्या दुसरी नाहीं. दोन अधिक दोन चार, दोन गुणिले दोन चार, दोनाचा दुसरा घात तोहि चार. घातांक म्हणजे गुणाकार, असें समजून दोनाचा दुसरा घात 'दोन दुणे चार' असा काढणाऱ्या मुलाचें उत्तर बरोबर येतें, आणि त्याची चूक त्या बरोबर उत्तराच्या पांघरुणाखालीं निश्चिंत झोपी जाते. तीन घेतले कीं ती उघडी पडते: तीन दुणे सहा निराळे, आणि तिनाचा दुसरा घात नऊ निराळा. मुलांच्या चुका जेथें निरनिराळीं उत्तरें देतील, अशी संख्या निवडणें ही योजनेंतील पहिली पायरी होय. सोपी संख्या आणि चांगली संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रश्न प्रसंगाचा. बहुतेक शिक्षकांच्या मनांत कागदाच्या घड्या येतात, आणि त्या येण्यासारख्या आहेतहि. दशांश मिलिमीटर जाडीच्या कागदाच्या दहा घड्या झाल्या तर थप्पी दहा सेंटिमीटरांची होते; वीस झाल्या तर शंभर मीटरांच्या वर जाते; आणि बेचाळीस घड्या घालतां आल्या, तर चंद्रसुद्धां मागें पडतो. प्रत्यक्षांत सातव्या-आठव्या घडीपुढें कोणाचेंच कांहीं चालत नाहीं. २००२ सालीं कॅलिफोर्नियांतील ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीनें सुमारें बाराशें मीटर लांबीची पातळ कागदाची पट्टी घेऊन बारा घड्या घालून दाखविल्या, आणि किती घड्यांस किती लांबी लागेल याचें सूत्रहि स्वतः काढलें. अशी हकीकत वर्गांत सांगितली तर मुलें खूष होतात. परंतु कागदांत दोन दोष आहेत. एक तर त्यांत पुन्हां तो दोनच आला. दुसरा दोष अधिक खोल आहे. अडीच घड्या म्हणजे काय, या प्रश्नास कागद उत्तरच देत नाहीं. जो मुलगा कागदावरच शिकला, त्याच्या मनांत घातांक म्हणजे मोजावयाच्या खेपा एवढाच अर्थ रुजतो. आणि पुढें अर्धा घातांक समोर आला म्हणजे त्याला तो निव्वळ जादूटोणा वाटतो.

याच अडचणीकडे जेरे कॉन्फ्री आणि एरिक स्मिथ यांनीं १९९५ सालीं लक्ष वेधलें होतें. शाळा गुणाकाराची ओळख 'पुन्हां पुन्हां बेरीज' अशी करून देते. त्यामुळें वाढ म्हटली कीं मिळवणें, एवढेंच मुलाच्या अंगीं बाणतें. पण मुलांच्या ठायीं आणखी एक उपजत क्रिया असते, ती म्हणजे सारखे वांटे करणें, निम्म्याचें निम्में करणें. ती बेरजेंतून आलेली नसते, तिची वाट स्वतंत्र आहे, असें कॉन्फ्री यांचें प्रतिपादन. मराठी घरांत तर याचा पुरावा आजीच्या बोलण्यांतच होता. दशमान मापें येण्यापूर्वीं शेर, अच्छेर, पावशेर, नवटांक, छटांक अशी वजनांची उतरंड असे. दर पायरीस मागच्याचें निम्में. शाळेचें तोंड न पाहिलेली बाईहि या पायऱ्यांवरून सहज वरखालीं करीत असे, आणि शेराचे छटांक सोळा हें तिला बेरीज करून काढावें लागत नसे. घातांकाचें बीज येथें आहे. पाठाची योजना करणाऱ्या शिक्षिकेनें तें हातचें सोडूं नये.

तेव्हां कागद बाजूस ठेवून, सतत वाढणारी एखादी वस्तु घ्यावी. अमेरिकेंतील संशोधक एमी एलिस आणि त्यांचे सहकारी यांनीं 'जॅक्टस' नांवाचें एक काल्पनिक रोपटें त्यासाठीं योजलें. संगणकाच्या पडद्यावर मुलें काळ पुढें-मागें सरकवीत आणि त्याबरोबर रोपट्याची उंची बदले. आरंभीं मुलें नुसत्या पुन्हां पुन्हां गुणण्यावर खिळलेलीं असतात, काळाकडे त्यांचें लक्षच नसतें. पुढें मधला काळ आणि उंचीची पट यांची जोडी त्यांच्या मनांत जमते. आणि त्याहिपुढें पुरा एक आठवडा नसलेल्या काळासाठींहि तीं ही जोडी वापरूं लागतात, असें त्यांच्या २०१५ सालच्या लेखांत नोंदलें आहे. संगणक नसला तरी बिघडत नाहीं. गोष्ट सांगून काम भागतें.

गोष्ट अशी: एक रोपटें आहे. रविवारीं सकाळीं त्याची उंची एक सेंटिमीटर होती. चार दिवसांनीं, म्हणजे गुरुवारीं सकाळीं, ती नऊ सेंटिमीटर झाली. पुढच्या चार दिवसांत पुन्हां नऊपट, म्हणजे एक्याऐंशीं. रोपटें एकाच चालीनें वाढतें. तर मंगळवारीं सकाळीं तें केवढें होतें?

येथें नऊ ही संख्या विचार करून घेतलेली आहे. चार घेतली असती, तर पुन्हां फसगत झाली असती; कारण चाराचें निम्में दोन आणि चाराचें वर्गमूळहि दोन. नवाच्या बाबतींत तीन निरनिराळीं उत्तरें येतात. कोणी म्हणेल पांच, कारण एक आणि नऊ यांच्या बरोबर मध्यें पांच. कोणी म्हणेल साडेचार, कारण निम्म्या वेळांत निम्में. एखादी मुलगी म्हणेल तीन. बाईंनीं तिन्ही उत्तरें फळ्यावर लिहावींत आणि कोणतें बरोबर तें सांगूं नये. चेहऱ्यावरूनहि दाखवूं नये. आणि हें दुसरें पहिल्याहून कठीण आहे.

आतां पांच म्हणणाऱ्या मुलाचें काय करावयाचें? त्याचें म्हणणें असें कीं, पहिल्या दोन दिवसांत चार वाढले, पुढच्या दोन दिवसांत चार वाढले, झाले नऊ. यांत चुकलें कोठें? बाईंच्या मनांत एक प्रश्न येतो: मंगळवारपासून चार दिवस मोजले तर? चार दिवसांत नऊपट व्हावयास पाहिजे; त्यांतून त्याची चूक बाहेर पडेल. प्रश्न मोठा सुंदर दिसतो. पण घरीं कागदावर करून पाहिला तर काय आढळतें? मंगळवारीं पांच. शनिवार हा नऊ आणि एक्याऐंशीं यांच्या मधला दिवस. त्याच रीतीनें तेथें पंचेचाळीस. आणि पंचेचाळीस ही पांचाची बरोबर नऊपट! मुलगा विजयी मुद्रेनें बाईंकडे पाहील, आणि तयारी न करतां वर्गांत गेलेल्या बाईंना फळा पुसण्यावांचून दुसरें कांहीं सुचणार नाहीं. आधीं करून पाहण्याचें महत्त्व तें हेंच. चुकीचें उत्तर पुष्कळदां वाटतें त्याहून चिवट असतें.

चालणारा प्रश्न निराळा आहे. पांच मानले, तर रविवार ते मंगळवार रोपटें पांचपट वाढलें. मंगळवार ते गुरुवार तेवढेच दोन दिवस. त्या दोन दिवसांत पांचाचे नऊ, म्हणजे दुप्पटसुद्धां नाहीं. पुढें गुरुवार उजाडला कीं पुन्हां एकदम पांचपट. तर मग, आज रविवार आहे, आज गुरुवार आहे, हें त्या रोपट्याला कळतें कसें? मोजावयास आरंभ रविवारीं झाला तो माणसाच्या सोयीनें. रोपट्याच्या घरीं पंचांग नाहीं. येथें वर्ग हंसतो, आणि हंसतां हंसतां विचारांत पडतो. साडेचाराचीहि तीच गत होते: आधीं साडेचारपट, मग दुप्पट. दोन्ही वेळां सारखीच पट देणारी संख्या हवी असेल, तर जिला तिनेंच गुणलें असतां नऊ येतील अशीच संख्या पाहिजे. तीन हें उत्तर आतां बाईंचें राहत नाहीं, त्या मुलीचेंहि राहत नाहीं. तें वर्गाचें होतें. अर्धा घातांक म्हणजे वर्गमूळ, हें वाक्य अद्याप कोणी उच्चारलेलें नाहीं, पण त्याचा अर्थ खोलींत येऊन बसलेला आहे.

मग सोमवारीं किती, हा प्रश्न मुलेंच विचारतात. ज्या संख्येला तिनेंच गुणलें असतां तीन येतील ती कोणती? १.७ चा वर्ग २.८९, १.८ चा ३.२४, १.७३ चा २.९९२९, १.७४ चा ३.०२७६. संख्या जवळ जवळ येते, हातीं लागत नाहीं. या पाठलागावर अर्धा तास गेला तरी तो वायां गेला असें समजूं नये.

शून्याचा प्रश्नहि येथेंच सुटतो, आणि किती थोडक्यांत! दोन दिवसांचा एक टप्पा धरला तर एका टप्प्यानंतर तीन, दोन टप्प्यांनंतर नऊ. मग एकहि टप्पा झाला नसतांना किती? "शून्य," असें कोणी तरी म्हणतेंच. बाईंनीं एवढेंच म्हणावें, "बरें, शून्यापासून वाढवून दाखव." शून्याची तिप्पट शून्य, तिची तिप्पट शून्य, रोपटें जन्मभर जमिनींतून डोकें वर काढीत नाहीं. टप्पा झाला नाहीं म्हणजे उंची नाहीं असें नव्हे. जेवढी होती तेवढीच आहे. ती एक होती. त्याच्याहि मागें, आदल्या शुक्रवारीं गेलें तर एक तृतीयांश, आणि त्यामागच्या बुधवारीं एक नवमांश; ऋण घातांक दारांतून न येतां मागल्या अंगणांतून येतो इतकेंच. घटत जाणाऱ्या राशीसाठीं शंभर फांसे टाकून दर खेपेस सहा पडलेले बाजूस काढण्याचा खेळ चांगला आहे. चवथ्या खेपेनंतर सुमारें निम्मेच उरतात. पण नशिबाच्या लहरीमुळें आंकडे थोडेफार हलतात, म्हणून तो आरंभीं नको, मागाहून असावा.

एक गोष्ट मात्र मुलांनीं शोधावी अशी अपेक्षा करणें हा शुद्ध वेळेचा अपव्यय होय. पायाच्या उजव्या खांद्यावर लहान आंकडा लिहावयाचा, हा संकेत आहे. देकार्तनें १६३७ सालच्या आपल्या भूमितीच्या ग्रंथांत तो वापरला आणि पुढें तो सर्वमान्य झाला. संकेत शोधावयाचा नसतो, सांगावयाचा असतो. फक्त तो केव्हां सांगावा, यांत सारें कौशल्य आहे. 'तीन गुणिले तीन गुणिले तीन' असें लिहून लिहून मुलांचे हात दुखूं लागले म्हणजे तो सांगावा.

एवढें झाल्यावर दोन ही संख्या वर्गांत आणण्यास हरकत नाहीं, आणि ती आणावयाची तर भास्कराचार्यांच्या हातानें आणावी. चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांच्या नातवाचा १२०७ सालचा शिलालेख आहे, आणि 'लीलावती' ११५० सालची आहे. तींतील एक उदाहरण असें: एका दात्यानें याचकास पहिल्या दिवशीं दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचें वचन दिलें, तर महिन्याभरांत त्यानें किती निष्क दिले? उत्तर १,०४,८५७ निष्क आणि वर कांहीं, कवड्यांत २,१४,७४,८३,६४६. यासाठीं दोनाचा तिसावा घात लागतो. मुलें प्रथम तीस ओळी लिहूं लागतात. बाईंनीं त्यांना थांबवूं नये. थोड्या वेळानें कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, पंधरावा घात मिळाला तर त्याला त्यानेंच गुणून काम होईल. मग पंधरावा कसा मिळवावा? चौदाव्यास एकदां दुप्पट करून. चौदावा सातव्याच्या वर्गानें, सातवा सहाव्याच्या दुपटीनें, सहावा तिसऱ्याच्या वर्गानें. सम संख्या आली तर निम्मी करून वर्ग, विषम आली तर एक कमी करून गुणाकार: भास्कराचार्यांनीं सांगितलेली रीत ती नेमकी हीच. ती त्यांच्याहि आधींची, पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून चालत आलेली आहे. घातांकांची बेरीज आणि घाताचा घात हे दोन्ही नियम या एका उदाहरणांत राबून जातात. मुलांनीं आधीं रीत शोधावी आणि मग ग्रंथांत पाहावी, हा क्रम उलटा करूं नये. उलटा केला कीं भास्कराचार्यहि आणखी एक पाठांतर होऊन बसतात.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते हंसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. किर्शनर, स्वेलर व क्लार्क या तिघांनीं २००६ सालीं असें मांडलें कीं, नवशिक्याच्या चालू स्मृतींत एका वेळीं फार थोडें मावतें; त्यास मार्गदर्शनावांचून शोधावयास सोडलें तर तो शिकत नाहीं, नुसता थकतो. मोकळें सोडण्याविषयीं हें खरेंच आहे. "घातांकांविषयीं कांहीं शोधून काढा," असें म्हणून खुर्चींत बसणाऱ्या शिक्षकाचा बचाव कोणी करूं नये. परंतु वर योजलेल्या पाठांत मोकळें असें काय आहे? नऊ ही संख्या, रविवार हा वार, मंगळवारचा प्रश्न, शून्यापासून वाढविण्याचें आव्हान, सारें आधीं आंखलेलें आहे. मार्गदर्शन आहेच, तें उत्तराच्या ठिकाणीं नसून प्रश्नाच्या ठिकाणीं आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. पन्नास-साठ मुलें आणि तास तो केवढा. नियम सांगून दहा मिनिटांत जें होतें त्यास येथें चार दिवस लागतात. हा आक्षेप पुरता खोडून काढतां येत नाहीं. प्रत्येक प्रकरण असें शिकवितां येणार नाहीं; जेथें मुलाची उपजत समजूतच वाट अडवून बसलेली असते, अशा थोड्या प्रकरणांसाठीं ही मेहनत राखून ठेवावी. घातांक हें त्यांपैकीं एक निश्चित. शिवाय शोध लागल्यानंतरचा सराव कोणास चुकलेला नाहीं. वीस उदाहरणें सोडवावींच लागतात.

शेवटचा पाठ पैशाचा असावा, आणि त्यासाठीं दामदुपटीइतका चांगला विषय सांपडणार नाहीं. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलाहून अधिक असूं नये, हा हिंदु धर्मशास्त्रांतील नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि मानला होता. तो किती आवश्यक होता आणि तरीहि किती अपुरा पडला, हें १८७५ सालीं दिसून आलें. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावांत सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला. मुलांना एवढेंच विचारावें: दरमहा शेंकडा तीन दरानें दहा हजारांचें कर्ज दामदुपटीस कितव्या महिन्यांत पोंचेल? सरळव्याजानें चौतिसाव्या महिन्यांत. चक्रवाढीनें तेवीस महिन्यांअखेर १९,७३६ आणि चोवीस महिन्यांअखेर २०,३२८. म्हणजे साडेतेवीस महिन्यांच्या आसपास. मुदल दहा हजार असो वा दहा लाख असो, महिने तेवढेच. आजवर घातांक दिलेला असे आणि राशि शोधावी लागे. येथें राशि दिलेली आहे आणि घातांक शोधावयाचा आहे. १६१४ सालीं नेपियरनें ज्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, ते लॉगरिथम हेच. पण तें नांव आणखी थोडा वेळ झांकून ठेवावें.

कारण मुलांच्या तक्त्यांत आणखी एक मौज आहे. तिप्पट होण्यास सदतीस महिन्यांहून किंचित अधिक काळ लागतो. आतां तक्ता उपडा ठेवून विचारावें, सहापट होण्यास किती? कोणी पुन्हां गुणूं लागेल. पण आजवरच्या चार दिवसांनीं मन थोडें जरी मोडून घडलें असेल, तर मागच्या बाकावरून एखादा मुलगा म्हणेल, "आधीं दुप्पट होऊं द्यावें, मग त्याची तिप्पट; साडेतेवीस आणि सदतीस, साठाच्या थोडें पुढें." मग तक्ता उलटावा. साठ महिन्यांअखेर ५८,९१६ रुपये, एकसष्ट महिन्यांअखेर ६०,६८३.